एक हजार लिटर आकाश

मंगळवार, ११ मार्च. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हैदराबादेतील नल्लकुंटा भागात नागोराव यांच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत आकाशातून एक वस्तू पडली. टाकी काळ्या प्लास्टिकची, एक हजार लिटरची होती. तिचे झाकण दोन उन्हाळ्यांपूर्वी तडकले होते. त्याच्या जागी पत्र्याचा तुकडा आणि पत्र्यावर वीट होती. वस्तू पडली तेव्हा पत्रा घसरला, वीट गच्चीवर पडली. जीवितहानी नाही.

नागोराव त्या वेळी गच्चीवर दात घासत होते. त्यांनी टाकीत हात घातला आणि वस्तू बाहेर काढली. जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, पेटीला लांब दोरी, दोरीच्या टोकाला फाटलेला नारिंगी फुगा. पेटीवर छापले होते: ‘संयुक्त नभ-अवकाश समन्वय संचालनालय. हात लावू नये. सापडल्यास कळवावे.’

दुसऱ्या कोणी ती पेटी कठड्यावर ठेवली असती आणि तो चहाला खाली गेला असता. परंतु नागोराव त्याच संचालनालयात वरिष्ठ सहायक होते. एकतीस वर्षांची नोकरी झाली होती आणि याच महिन्याच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. अशा घटनेच्या अहवालाचा नमुना त्यांना पाठ होता. त्यातला चौथा प्रश्न असा: ‘वस्तू मूळ स्थितीत आहे काय?’ नागोरावांनी आयुष्यात कोणत्याही नमुन्यात खोटे उत्तर लिहिले नव्हते. त्यांनी आधी पेटी, मग दोरी, मग फुगा, अशा क्रमाने सर्व काही परत टाकीत सोडले, पत्रा होता तितकाच तिरका केला, वीट जिथे पडली होती तिथेच राहू दिली आणि खाली येऊन ‘होय’ असे लिहिले.

“काय पडलं वर?” विठाबाईंनी विचारले. त्या नागोरावांच्या पत्नी.

“कळवावं लागंल.”

“कुणाला?”

“आमच्याच हापिसाला.”

“मग तुम्हाला कळलंच की,” विठाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कणकेत हात घातला.

विठाबाईंचे लक्ष दुसरीकडे होते. रविवारी, २३ तारखेला, मुलीचे, भामाचे लग्न विद्यानगरच्या हॉलमध्ये होते. शुक्रवारी, २१ तारखेला सकाळी व्याह्यांसकट नांदेडकडची एकेचाळीस माणसे रेल्वेने काचीगुड्याला उतरणार होती आणि दोन दिवस याच घरात राहणार होती. नळाला पाणी एक दिवसाआड. ते खालच्या हौदात पडायचे, मोटार ते टाकीत चढवायची, आणि टाकीतून ते घरातल्या सगळ्या नळांना व तळमजल्यावरच्या भाडेकरू पद्मावतीकडे जायचे. एकेचाळीस पाहुण्यांचे आंघोळपाणी त्या एका टाकीवर होते.

संचालनालय काचीगुड्याला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. खाली इडली-दोशाचे दुकान. पुनर्रचनेचे हे तिसरे वर्ष. पूर्वी भू, जल आणि नभ असे तीन कक्ष तीन ठिकाणी होते, आणि तिघांचे फोन, तिघांचा चहा, तिघांचे शत्रूही वेगवेगळे होते. असे काही सापडले, तर तीन जीपगाड्या निघायच्या आणि जी आधी पोचेल ती वस्तू घेऊन जायची. ही पद्धत संयुक्त रणनीतीला मारक असल्याचे एका समितीने दाखवून दिले. मग तिन्ही कक्ष एका छताखाली आले, चौथा अवकाश-कक्ष नव्याने जन्मला, आणि कोणीही एकट्याने काही करायचे नाही हे पुनर्रचनेचे मुख्य उद्दिष्ट ठरले. तीन वर्षांत ते शंभर टक्के साध्य झाले होते. कोणीही काहीही करत नव्हते.

बुधवारी अकरा वाजता बैठक बसली. विषय एकच होता: ‘संयुक्त रणनीतीत नभ व अवकाश सामर्थ्याची भूमिका, विशेष संदर्भ, नल्लकुंटा.’ इतिवृत्त लिहायला नागोरावांचे सहकारी मुकुंदराव होते. प्रत्यक्षदर्शी म्हणून नागोरावांना दाराजवळच्या स्टुलावर बसवण्यात आले.

“वस्तू उडाली,” नभप्रमुख म्हणाले. “उडते ते आमचे. चर्चा कसली?”

अवकाशप्रमुखांना अजून खुर्ची मंजूर झालेली नव्हती. ते खिडकीत बसून बोलले. “ती तीस किलोमीटर वर गेली होती. वीसच्या वर तुमचे विमान जात नाही. जिथे तुमचे विमान जात नाही, तिथे तुमचे काय?”

“आणि शंभरच्या खाली तुमचा उपग्रह टिकत नाही. तिथे तुमचे काय?”

मधले ऐंशी किलोमीटर कोणाचेच नाहीत, हे त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. मुकुंदरावांनी ‘या मुद्द्यावर उभय कक्षांत समतोल आढळला’ अशी नोंद केली.

भूप्रमुख इतका वेळ पेन्सिलीला टोक करत होते. “नभ सामर्थ्य हे मुळात साहाय्यक सामर्थ्य आहे,” ते म्हणाले. “आम्ही हे पहिल्या विमानापासून सांगत आलो. वर गेलेली वस्तू शेवटी खालीच येते. ही घरावर आली. घर जमिनीवर आहे.”

“नभ सामर्थ्य कोणाचेही साहाय्यक नाही! ते अखंड आहे. त्याचे तुकडे करून वाटता येत नाहीत.”

“फुगा फाटलाय, साहेब,” नागोराव दारातून म्हणाले.

जलप्रमुख शांत होते. हैदराबादला समुद्र नाही, त्यामुळे तीन वर्षांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांनी आता प्रथमच मान वर केली. “ती तरंगते आहे, की बुडाली?”

सगळ्यांनी नागोरावांकडे पाहिले. “पेटी बुडालीय. फुगा तरंगतोय.”

“पाणी किती?”

“पाऊण टाकी.”

“मग माझ्याकडे बोलण्यासारखे काही उरत नाही,” जलप्रमुख म्हणाले आणि त्यांनी दुसरे उस्मानिया बिस्कीट उचलले.

नागोराव स्टुलावरून उठले. “साहेब, चौघांपैकी कोणीही एकानं नेली तरी चालंल. घरी लग्न हाय. टाकी मोकळी पाहिजे.”

संचालकांनी चष्मा काढला. ते मवाळ गृहस्थ होते आणि त्यांचा आवाज कधी चढत नसे. “नागोराव, ‘कोणीही एकाने’ ही भाषा पुनर्रचनेपूर्वीची आहे.”

गुरुवारी सकाळी मुकुंदरावांना नियमपुस्तिकेच्या मागच्या पानांत एक तळटीप सापडली. वस्तू ज्या कक्षाची ठरेल, त्याने ती का पडली याचा अपयश-अहवाल जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह चौदा प्रतींत सादर करावा. दुपारी चारपर्यंत चार पत्रे आली. नभ-कक्षाने कळवले की उडणे थांबलेली वस्तू नभ सामर्थ्यात मोडत नाही. अवकाश-कक्षाने कळवले की त्यांच्याकडे शिक्का नसल्याने त्यांची कोणतीही वस्तू असू शकत नाही. भू-कक्षाच्या मते गच्ची ही भूमी नसून भूमीपासूनचे अंतर होते. जल-कक्षाने साचलेल्या गोड्या पाण्याबाबत आपल्याला कधीच आस्था नव्हती, असे दोन पानांत लिहिले.

“काल चार मालक होते, आज एकही नाही,” संचालक समाधानाने म्हणाले. “वस्तू आता खऱ्या अर्थाने संयुक्त झाली.”

शुक्रवारी चारही प्रमुख स्थळपाहणीसाठी नल्लकुंट्यात आले. जिना अरुंद होता. आधी कोणी चढायचे यावर नऊ मिनिटे गेली, शेवटी चौघे आडवे होऊन एकदम चढले. गच्चीवर लग्नासाठी घातलेल्या कुरडया बाजेवर वाळत होत्या आणि दोरीवर कपडे होते.

प्रमुखांनी टाकीत डोकावून पाहिले. कोणीही हात घातला नाही. मग त्यांनी गच्चीवर संयुक्त रणनीती लागू केली. केंद्रीय नियंत्रण आणि विकेंद्रित अंमलबजावणी हे नभ सामर्थ्याचे मूळ सूत्र आहे, असे नभप्रमुखांनी विठाबाईंना समजावून सांगितले. त्यानुसार टाकीचे नियंत्रण संचालनालयाकडे गेले. टाकीला लाखेची मोहोर लागली, तिच्याखालची चावी बंद झाली आणि मोटारीच्या बटणाला कागदाची पट्टी लागली. खालच्या हौदातून बादलीने पाणी वर नेण्याची अंमलबजावणी विठाबाईंकडे आली. गच्चीपासून पाच फुटांपर्यंतचे आकाश भू-कक्षाकडे आणि त्यावरचे नभ-कक्षाकडे देण्यात आले. सीमारेषा खडूने भिंतीवर ओढली. ती कपड्यांच्या दोरीच्या जरा खालून गेली.

विठाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “म्हंजी लुगडं वाळत घातलं, तर वरचा काठ ह्यांचा आन् खालचा काठ त्यांचा?”

“दोन्ही कक्षांची पूर्वपरवानगी घ्यावी,” भूप्रमुख म्हणाले. “शक्यतो एकाच अर्जावर.”

एवढ्यात एक कावळा आला आणि मोहोर लावलेल्या टाकीवर बसला. नभप्रमुखांचा चेहरा उतरला. आकाशावरचे प्रभुत्व हेच पहिले उद्दिष्ट असते, ते गेले की खालचे सगळे गेले, असे ते म्हणाले. प्रभुत्व राखण्याची जबाबदारी त्यांनी स्थानिक घटकावर सोपवली. स्थानिक घटक म्हणजे विठाबाई.

“म्हंजी कावळे हाकायचे, असंच ना?”

“प्राथमिक टप्प्यात, होय.”

“ते मी कुरडया घातल्यापासून करतीय,” विठाबाई म्हणाल्या. “कुणी कागद दिला नव्हता, एवढंच.”

शनिवारपासून घरातले नळ कोरडे झाले. पद्मावती रिकामी घागर घेऊन वर आली. “अक्का, नीळ्ळु लेवू. पानी कब छोडते?”

“आमच्या मालकांना विचार. आकाशाचं पाणी हाय ते आता.”

“आकाशाचं? तो फिर इत्ता परेशान कायकू? हात डालो, निकालो, फेको.”

विठाबाईंनी नागोरावांकडे पाहिले. त्या गेले पाच दिवस हेच म्हणत होत्या. रविवारी दुपारी त्यांनी पदर खोचला आणि स्टूल उचलले. नागोराव जिन्यात आडवे झाले.

“नियमपुस्तिका, कलम अकरा,” ते म्हणाले.

“काय हाय ते?”

नागोरावांनी ते न पाहता म्हणून दाखवले. ‘ज्या ज्या व्यक्तीस घटनेची माहिती आहे, त्या सर्वांच्या लेखी संमतीशिवाय कोणीही कार्यवाही करू नये.’ ते मोडले, तर चौकशी लागते. चौकशी चालू असताना माणूस निवृत्त होतो, पण त्याचे पेन्शनचे कागद होत नाहीत. एकतीस वर्षांच्या नोकरीला शेवटच्या पंधरवड्यात डाग लागतो.

“असलं कलम लिहिलं कुणी?”

“सही संचालकसाहेबांची हाय.”

“लिहिलं कुणी?”

 “मसुदा माझा,” नागोराव म्हणाले. पुनर्रचनेच्या पहिल्या वर्षी कक्षांची नावे दर आठवड्याला बदलत. दर वेळी कलम नव्याने टंकावे लागे. म्हणून त्यांनी कक्षांची नावे काढून ‘ज्या ज्या व्यक्तीस’ असे घातले होते. त्या मसुद्याबद्दल त्यांचे लेखी कौतुक झाले होते. ते पत्र चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावलेले होते.

विठाबाईंनी स्टूल खाली ठेवले. “चौकटीतलं पाणी प्यायला द्या पाहुण्यांना,” त्या म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी मुकुंदराव घरी आले. बादलीतल्या पाण्याचा चहा पिऊन त्यांनी कागद काढला. “नागोराव, घाबरायचं काय त्यात? कलम मोडायचं नाही. पाळायचं. माहिती आहे अशी माणसं किती?”

मोजली. संचालक, चार प्रमुख, मुकुंदराव, नागोराव, विठाबाई, भामा आणि पद्मावती. दहा.

“दहा सह्या म्हणजे दोन दिवसांचं काम,” मुकुंदराव म्हणाले. “फक्त अकरावा माणूस होऊ देऊ नका.”

विठाबाईंनी तत्काळ आदेश काढला. टाकीचे नाव घराबाहेर काढायचे नाही. पाहुण्यांना मोटार बिघडली म्हणून सांगायचे. कुणी टाकीकडे बघितले, तर कुरडया दाखवायच्या. संचालनालयाच्या तीन वर्षांच्या इतिहासात इतका स्पष्ट आदेश कोणी काढला नव्हता.

मंगळवारी सह्या सुरू झाल्या. चारही प्रमुखांना शेवटी सही करायची होती. म्हणून मुकुंदरावांनी चौघांना चार वेगवेगळे कागद दिले आणि प्रत्येकाला तुमचाच शेवटचा म्हणून सांगितले. अवकाशप्रमुखांनी जल-कक्षाचा शिक्का उसना आणला. या दोन कक्षांतले ते पहिले प्रत्यक्ष सहकार्य होते आणि त्याची वार्षिक अहवालात नोंद घेण्याचे ठरले. सायंकाळी साडेपाचला नऊ सह्या हाती आल्या. राहिली भामाची. ती मेंदीवालीकडे गेली होती.

भामा साडेसातला आली. हातावरची मेंदी वाळेपर्यंत तिने फोन मावसबहिणीकडे दिला होता, आणि तिला सांगून एक फोटो पाठवायला लावला होता. सीलबंद टाकी, वर कावळा. खाली ओळ: ‘माझ्या लग्नात स्पेस डिपार्टमेंट पण इन्व्हायटेड आहे, गाईज!’ फोटो ‘नांदेड ते नल्लकुंटा’ या नातेवाइकांच्या गटावर गेला होता. गटात चौऱ्याण्णव माणसे होती. त्यांतली तीन याच घरातली.

“बाबा, सॉरी ना! मला काय माहीत, नुसतं बघितलं तरी काउंट होतं म्हणून?”

नागोराव ओरडले नाहीत. त्यांनी वही उघडून दहाच्या खाली एक्क्याण्णव लिहिले, रेघ ओढली आणि एकशे एक मांडले.

रात्री नऊपर्यंत गटातल्या सगळ्यांनी फोटो पाहिल्याची खूण उमटली होती. सव्वानऊला व्याह्यांचा, हणमंतरावांचा फोन आला.

“विहीणबाई, तुमच्या टाकीत बॉम्ब हाय म्हणं?”

“बॉम्ब नाही हो, डबा हाय.”

“मग काढा की.”

“तुमची सही झाली की काढते.”

 “मी न वाचता सही करत नसतो,” हणमंतराव म्हणाले. ते तहसीलमधून निवृत्त झाले होते.

पुढचे दोन दिवस नागोराव रजेवर होते. संमतीचा नमुना त्यांनी मराठीत केला, कारण नातेवाईक मराठी होते, आणि गटावर पाठवला; सह्या केलेल्या प्रतींचे फोटो फोनवर परत येऊ लागले. त्यात ‘वरील मजकूर वाचून समजून घेतला’ असे वाक्य होते. हैदराबादेत वाढलेल्या सव्वीस भाच्या-पुतण्यांना मराठी बोलता येत होते, पण वाचता येत नव्हते. नागोरावांनी त्यांना एकेकाला फोनवर नमुना वाचून दाखवला. ‘कार्यवाही’ म्हणजे काय, असे बावीस जणांनी विचारले. नागोरावांना बाविसाव्यालाही सांगता आले नाही. दरम्यान विठाबाई, पद्मावती आणि भामा हौदातून पाणी ओढत होत्या. भामाच्या मेंदीचा रंग गुरुवारपर्यंत उतरला.

गुरुवारी सायंकाळी शंभर संमती झाल्या. हणमंतरावांनी कळवले, की मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ते सही करणार नाहीत.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी काचीगुड्याला लागली. सात वाजून पन्नास मिनिटांनी अकरा रिक्षा नल्लकुंट्यातल्या गल्लीत शिरल्या. एकेचाळीस माणसे उतरली. रात्रभराच्या प्रवासाने सगळ्यांचे चेहरे काळवंडले होते आणि सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल होते. हणमंतरावांनी दारातच चष्मा लावला, कागद उभ्याने दोनदा वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली. आठ वाजून चार मिनिटांनी एकशे एक पूर्ण झाल्या.

जिन्यात, गच्चीवर, कठड्यापाशी पाहुणे उभे राहिले. विठाबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी मोहोर नखाने उचकटली, पत्रा बाजूला केला आणि बांगड्या मागे सारल्या. खाली पद्मावती मोटारीच्या बटणावर बोट ठेवून होती.

“घालू का हात?” विठाबाईंनी विचारले.

नागोरावांनी वहीतली शेवटची नोंद तपासली. ते ‘घाल’ म्हणणार होते. पण नागोराव हे नागोराव होते. त्यांनी कलम अकरा मनात पुन्हा एकदा म्हटले आणि विचारले, “आता आणखी कुणाला माहिती नाही ना?”

नेमक्या त्याच वेळी हा मजकूर आपल्या हाती पडला, आणि आपण तो इथपर्यंत वाचला.

ताजी माहिती अशी की वहीत एकशे दुसरी ओळ आखण्यात आली असून ती कोरी आहे. तिच्याखाली किती ओळी आखाव्या लागतील, याचा अंदाज मुकुंदराव घेत आहेत. एकेचाळीस माणसे टॉवेल घेऊन उभी आहेत. कावळा परत आला आहे. विठाबाईंचा हात पाण्यापासून चार बोटे वर आहे, आणि त्या आपल्याकडे बघत आहेत.